वाटेवरचे प्रश्न : डिचोलीच्या एकाच घरातून दोन पत्रे

या वेळी पेटीतली निम्म्याहून जास्त पत्रे दिवाळीच्या सुट्टीची आहेत, राजस्थान की केरळ अशी. ती पुढच्या अंकात. दक्षिण चीनची तीन पत्रे आधी घेते, कारण त्यांतली एक सहल १ ऑक्टोबरलाच निघतेय. पहिली दोन पत्रे मायलेकींची. दोघींनी एकमेकींना न सांगता लिहिले होते. छापण्याआधी विचारले तेव्हा दोघीही हसल्या आणि हो म्हणाल्या.

प्रश्न : काकू, मी गोव्यातल्या डिचोलीची. एका सत्रासाठी ग्वांगझूच्या विद्यापीठात आले आहे. राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत वसतिगृहातल्या आम्ही अकराजणांनी दक्षिण चीन फिरायचे ठरवलेय. दोन थाई, तीन घानाचे, एक ब्राझीलची, एक कझाक, बाकी आम्ही भारत-नेपाळवाले. कझाक मुलाने एक्सेलमध्ये तासातासाचा कार्यक्रम केलाय : ग्वेलिनची गुहा, ली नदीतली बोट, यांगश्वो, लुंगजीची भातखाचरे, मग कुनमिंग, तिथले दगडांचे वन, दाली, लीज्यांग, बर्फाचा डोंगर आणि सातव्या दिवशी विमानाने परत. मला खरे तर खाचरेच बघायची आहेत, पण त्यांना अर्धाच दिवस दिलाय. बोलायला गेले की ‘मत घेऊया’ म्हणतात आणि मत पडते लीज्यांगला. वर हिशेब माझ्या गळ्यात, कारण माझे अलीपे, म्हणजे इथले पैसे भरायचे ॲप, चालते. जाऊच नको का? आणि परतल्यावर दोघी मैत्रिणी मकाव करूया म्हणतायत, ते जमेल?
— विद्यार्थिनी, ग्वांगझू

उत्तर : बाय, जा. फक्त त्या एक्सेलची शेपटी कापायला लाव.

आधी तारखा. १ ते ७ ऑक्टोबरला तिथे अख्खा देश गावी किंवा फिरायला निघतो. रेल्वेची तिकिटे १२३०६ या सरकारी ॲपवर १५ दिवस आधी खुली होतात आणि पहिल्या तारखेच्या सकाळच्या गाड्या बघता बघता भरतात. अकराजण एका डब्यात बसून गाणी म्हणत जायचे, हे मनातून काढून टाका. तिघा-चौघांनी वेगवेगळ्या गाड्या धरा, पोचायचे गाव तेवढे एक ठेवा. तिकीट पासपोर्टच्या क्रमांकावर निघते आणि फाटकावर पासपोर्टच दाखवायचा असतो. यंत्राने तो वाचला नाही तर कडेला माणूस उभा असलेली वाट असते, तिथून जायचे. म्हणून ज्याचा पासपोर्ट त्याच्याच खिशात. मी गट घेऊन हिंडायचे त्या वर्षांत, सगळ्यांचे पासपोर्ट एका पिशवीत सांभाळू पाहणारे एक सद्गृहस्थ दर सहलीत निघायचेच. पिशवी एका डब्यात, मंडळी दुसऱ्या.

आता नकाशा. ग्वांगझू ते ग्वेलिन जलद गाडीने अडीच-तीन तास, ठीक आहे. ग्वेलिन ते कुनमिंग पाच तासांच्या पुढे. कुनमिंग ते दाली दोन, दाली ते लीज्यांग आणखी दीड-दोन. स्टेशनात आधी पोचणे, सामान यंत्रातून काढणे, उतरल्यावर शहर गाठणे हे त्यात धरलेले नाही. खिडकीतून बघू म्हणशील, तर त्या डोंगरातल्या गाड्यांचा बराच रस्ता बोगद्यांतून जातो. कोकण रेल्वे आठव.

लीज्यांग समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटरवर आहे. तिथल्या जेड ड्रॅगन हिमपर्वताची मोठी केबल कार ३,३५६ मीटरवर उचलते आणि ४,५०६ मीटरवर सोडते. गोव्यातला सर्वांत उंच सोसोगड बाराशे मीटरही नाही आणि ग्वांगझू तर समुद्राजवळचे सखल शहर. आदल्या रात्री उतरून सकाळी साडेचार हजारांवर गेलात की कोणाचे तरी डोके धरणार, कोणीतरी ओकणार आणि उरलेल्या दहाजणांची संध्याकाळ त्याच्या उशाशी जाणार. कुनमिंग, दाली, लीज्यांगचा युन्नान प्रांत मला ग्वेलिनच्या ग्वांगशीपेक्षा जास्त आवडतो, म्हणूनच सांगते, ते असे धावत करू नका. सत्र संपल्यावर दहा दिवस काढा.

हे मतदानाने सुटायचे नाही. त्या मुलाला सांग, प्रत्येक दिवसापुढे ‘गाडीत किती तास’ असा एक रकाना घाल. बेरीज त्याची त्यालाच करू दे. शिवाय लीज्यांग गळले की परतीचे विमान गळते आणि त्याबरोबर पॉवर बँकेचा घोळही. चीनच्या देशांतर्गत विमानांत २८ जून २०२५ पासून थ्री-सी हा चिनी सुरक्षा-प्रमाणपत्राचा शिक्का नसलेली पॉवर बँक चालत नाही. म्हापशात घेतलेल्या पॉवर बँकेवर तो असायची शक्यता कमीच.

मी असते तर ग्वेलिनला आधी उतरलेच नसते. ग्वांगझू साउथहून थेट यांगश्वो स्टेशनचे तिकीट काढा. नाव यांगश्वो असले तरी हे स्टेशन आहे शिंगपिंग गावात, यांगश्वो शहर तिथून बसने बरेच पुढे. बहुतेक लोक उतरतात ते तडक बसकडे धावतात. तुम्ही पहिली रात्र शिंगपिंगलाच काढा. २० युआनची नोट उलटून बघ, मागचे चित्र याच गावाजवळच्या ली नदीचे. नोट हातात धरून फोटो काढणाऱ्यांची तिथे दिवसभर रीघ असते, पहाटे जा. नदीवरचे ‘बांबूचे’ तराफे मात्र प्लॅस्टिकच्या नळ्यांचे आणि मोटर लावलेले. खऱ्या बांबूचे, काठीने हाकायचे तराफे यांगश्वोच्या बाजूला यूलुंग नदीवर मिळतात, एकावर दोघे बसतात. पाणकावळे घेऊन बसलेले दाढीवाले आजोबा दिसतील. आता त्यांची मासेमारी फोटोपुरती आहे, तेव्हा पैसे आधी ठरवा.

ली नदीकाठचे ते सुळक्यांसारखे डोंगर चुनखडीचे. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. त्याच्या तळाचा चुना वर उचलला गेला आणि पावसाच्या किंचित आंबट पाण्यात विरघळत विरघळत एवढाच उरला. आपला जांभा असा विरघळत नाही, म्हणून आपल्याकडे सडे आणि तिथे सुळके. दक्षिण चीनचा हा चुनखडीचा प्रदेश २००७ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला, ग्वेलिनची भर २०१४ मध्ये पडली. तुमच्या यादीतली ग्वेलिनची गुहा, रीड फ्लूट, गाळली तरी चालेल. आत तांग राजवटीच्या काळातले शाईचे लेख आहेत हे खरे, पण सगळ्या गुहेवर असे जांभळे-हिरवे दिवे सोडलेत की शिगम्याच्या चित्ररथात बसल्यासारखे वाटते.

आणि आता तुझी खाचरे. तुझा हट्ट बरोबर आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लुंगजीला भात पिकून पिवळे झालेले असते. एकदा कापणी सुरू झाली की रोज एकेक पट्टी उघडी पडत जाते. अर्धा दिवस गेलीस तर बसमधून उतरून, चढून, एक फोटो काढून उतरायचीच वेळ होते. ग्वेलिनहून तिथे दोन-अडीच तास लागतात. मुख्य वस्त्या दोन, पिंगआन ज्वांग लोकांची आणि दाझाय लाल याओंची. पिंगआन जवळ आणि सोयीचे, पण मी दाझाय सुचवीन. चढ जास्त आहे, पसारा मोठा आहे आणि दुपारी चारला दिवसाच्या सहली परतल्या की गाव पुन्हा गाववाल्यांचे होते. दोन रात्री राहा.

ही खाचरे युआन राजवटीत, म्हणजे साधारण सातशे वर्षांपूर्वी, खोदायला सुरुवात झाली असे मानतात. सुमारे ३०० मीटरपासून १,१०० मीटरपर्यंत ती डोंगर चढत गेली आहेत. काही पट्ट्या इतक्या अरुंद की भाताच्या दोनच ओळी मावतात. माथ्यावर रान राखलेले असते. पाऊस ते धरून ठेवते आणि पाणी ओहोळांतून, बांबूच्या पन्हळींतून वरच्या खाचरातून खालच्यात उतरते. आपल्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतात, मानशीच्या झडपेने भरतीचे खारे पाणी बाहेर ठेवायची काळजी, तिथे वरून येणारे गोडे पाणी बांध न फोडता खाली घालवायची. तू शेत पाहिलेली मुलगी आहेस, तुला त्या बांधांवर उभे राहून जे कळेल ते लीज्यांगला मत देणाऱ्यांना मी लिहून समजावू शकत नाही. यंत्र तिथे चढत नाही, कापणी विळ्याने. बांधावरून चालताना आधी शेतात माणूस आहे का बघ, मानेने तरी विचार. फोटोसाठी पिकात पाय घालणाऱ्या पाहुण्यांना तिथल्या म्हाताऱ्या जे बोलतात ते भाषा न येताही समजते.

गाडी खालीच थांबते. सामान याओ बायका पाठीवरच्या टोपल्यांतून वर नेतात, पण चाकांची बॅग ग्वेलिनच्या लॉकरमध्ये ठेवून पाठपिशवीच घेऊन जा. घरे लाकडी, भिंती पातळ, शेजारच्याचे घोरणे फुकट. रात्री स्वेटर लागतो. तेलचहा देतील. तो आले-लसणाबरोबर कुटून उकळलेला, खारट-कडू, वर चुरमुरे टाकलेला असतो. पहिला घोट जड जातो, दुसऱ्या वाटीला मी नाही म्हणत नाही.

गटाचे काय करायचे? मी गट नेत असे तेव्हा दिवसाला दोनच गोष्टी पक्क्या ठेवायचे, सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण. मधल्या वेळात ज्याला जिथे जायचे तिथे जा, मात्र तिघांपेक्षा कमी नको आणि प्रत्येकाच्या खिशात हॉटेलचा पत्ता चिनी लिपीत. अकराजणांनी दिवसभर एकमेकांना धरून चालायचे ठरवले की तिसऱ्या दिवशी भांडण होते आणि ते नेहमी कुठे जेवायचे यावरून होते, मूळ कारण काहीही असो. तुला खाचरांत तिसरा दिवस हवा असेल तर निघण्याआधीच सांगून टाक, ‘मी आणि अजून कोण थांबतेय?’ तिथे पोचून सांगितलेस तर रुसवा होतो.

हिशेब घेऊ नकोस. अलीपेला भारतीय कार्ड जोडले असेल तर २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, त्यापुढे ३ टक्के कटतात. अकरा तोंडांचे जेवण २०० च्या खाली कधी राहणार? तो भुर्दंड तुझ्या खात्यावर आणि वसुलीही तुझ्याकडे. आजकाल अलीपे आणि वीचॅट या दोन्ही ॲपना परदेशी कार्ड जोडता येते, तेव्हा निघण्याआधी एका संध्याकाळी सगळ्यांचे फोन घेऊन बसा आणि प्रत्येकाचे चालू करून घ्या. ज्याचे होणार नाही त्याने रोख आणावी. रोख नाकारणे तिथे कायद्याला धरून नाही, सुटे मात्र जवळ हवे.

मकावबद्दल आजच्या आज पासपोर्ट उघडून बघ. एका सत्रासाठी येणाऱ्यांना बहुधा एक्स-२ व्हिसा मिळतो, १८० दिवसांपर्यंतचा, आणि तो पुष्कळदा एकाच प्रवेशाचा असतो. मकाव किंवा हाँगकाँगला जाणे म्हणजे सीमा ओलांडणे. तुझा एक प्रवेश ऑगस्टमध्ये खर्च झालाय, बाहेर पडलीस की परत येता येणार नाही आणि सामान सगळे वसतिगृहात. लांब मुदतीच्या शिक्षणाच्या एक्स-१ व्हिसावर येऊन निवास परवाना घेतलेल्यांना ही अडचण नाही, परवान्याच्या मुदतीत त्यांना येता-जाता येते. तुझा एकाच प्रवेशाचा असेल तर मकाव सत्र संपल्यावर, घरी येताना कर. भारतीय पासपोर्टला मकावसाठी ३० दिवस व्हिसा लागत नाही. हाँगकाँगला आधी ऑनलाइन नोंदणी लागते.

प्रश्न : माझी मुलगी चीनमध्ये शिकायला आहे. आता परदेशी मुलामुलींबरोबर आठवडाभर फिरायला जाते म्हणते. तिचे मामा म्हणतात, तिथे साप-कुत्रे काहीही ताटात येते. ती नुस्ते (मासे) खाते, कोंबडी खाते, गाय-डुक्कर नाही, आणि सोमवारी शिवराक (शाकाहारी). व्हॉट्सॲपवर दोन-दोन दिवस एकच टिक. हॉटेलवाले पासपोर्ट मागतात, तो देऊ नको म्हणून सांगू का? पाठवावे की नाही?
— एक आई, डिचोली

उत्तर : वहिनी, पाठवा. मुलामुलींबरोबर जावे का हे तुमच्या घरचे, त्यात मी पडत नाही. पण अनोळखी मुलुखात एकटीपेक्षा अकरा बरे.

मामांना सांगा, साप चुकून ताटात येत नसतो, तो मुद्दाम मागवावा लागायचा आणि महाग असायचा. शिवाय फेब्रुवारी २०२० मध्ये चीनने जमिनीवरचे रानटी प्राणी खाण्यावर बंदी घातली. खरी पंचाईत डुकराच्या चरबीची. हिरवी भाजी म्हणून मागवावी तर ती चरबीत परतलेली, शेंगांवर चिमूटभर खिमा, आणि ग्वेलिनच्या प्रसिद्ध तांदळाच्या शेवयांचा रस्सा हाडांचा. त्यांच्या लेखी एवढ्याने पदार्थ मांसाहारी होत नाही, त्यामुळे नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. तिने चिनी मैत्रिणीकडून एक चिठ्ठी लिहून घ्यावी : डुक्कर नाही, गाय नाही, त्यांची चरबी नाही, हाडांचे सूप नाही, मासे, कोंबडी, अंडी चालतात. चिठ्ठी वेटरला दाखवायची आणि आत स्वयंपाक्याकडे पाठवायची. टोमॅटो-अंड्याची भाजी आणि भात कुठल्याही खानावळीत मिळतो. सोमवारी बौद्ध शिवराक खानावळ शोधावी, तिथे सहसा कांदा-लसूणही नसतो. यांगश्वोला नदीचा मासा बिअरमध्ये शिजवतात, चव छान, काटे भरपूर. बिअरचे मामांना सांगायची गरज नाही.

व्हॉट्सॲप चीनच्या मुख्य भूमीवर बंद आहे आणि त्यांचे वीचॅट आपल्याकडे जून २०२० पासून बंद. त्यामुळे मायलेकींच्या मध्ये दोन भिंती. त्यातून वाट अशी, की तिचे भारतीय सिम चालू असेल तर सहलीपुरता आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक घाला. रोमिंगवरचे इंटरनेट आपल्या कंपनीमार्फत येते, म्हणून त्यावर व्हॉट्सॲप बहुधा चालते. नसेल तर साधा फोन आणि एसएमएस. रोज ‘पोचले’ एवढा एकच निरोप ठरवा, आणि बोगद्यांच्या रस्त्यावर संध्याकाळपर्यंत तो आला नाही तर घाबरू नका.

पासपोर्ट हॉटेलात दाखवावाच लागतो. प्रत्येक परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करणे हॉटेलवर बंधनकारक आहे. त्यांनी स्कॅन करून लगेच परत द्यायचा, अनामत म्हणून ठेवून घ्यायचा नाही. एखादे लहान गेस्टहाऊस ही नोंदणी जमत नाही म्हणून परदेशी माणसाला परत पाठवते, म्हणून खोली घेताना आधी फोन करून विचारायला हवे. रात्री दहाला अकराजणांनी बॅगा घेऊन दुसरे दार ठोठावणे मी पाहिलेले आहे. कोणाच्या घरी राहिली तर २४ तासांत तिने स्वतः पोलीस चौकीत नोंद करायची. पासपोर्टच्या आणि व्हिसाच्या पानांचा फोटो तुमच्याकडे छापून ठेवा. पोलिसांचा क्रमांक ११०, रुग्णवाहिकेचा १२०. ग्वांगझूमध्ये भारताचा वाणिज्य दूतावास आहे, त्याचा क्रमांक तिच्या फोनात आणि तुमच्या फ्रिजवर असू द्या. ऑक्टोबरात त्या किनाऱ्यावर वादळे येतात. वादळाचा इशारा झाला की गाड्या थांबवतात, तेव्हा परतायला एक दिवस उशीर झाला तरी मुलगी हरवली असे समजू नका.

प्रश्न : मागच्या शवप्रदर्शनाला जुन्या गोव्यात गेलो असता कोणी म्हणाले, गोंयच्या सायबाने (सेंट फ्रान्सिस झेवियर यांनी) चीनमध्ये देह ठेवला. हे खरे का? मकावला गेल्यास ती जागा बघता येईल का?
— निवृत्त शिक्षक, रायबंदर

उत्तर : खरे. ग्वांगझूच्याच ग्वांगडोंग प्रांताच्या किनाऱ्यासमोरच्या शांगच्वान बेटावर ३ डिसेंबर १५५२ रोजी सेंट फ्रान्सिस झेवियर वारले. ग्वांगझूला चोरून पोचवायचे एका चिनी व्यापाऱ्याने कबूल केले होते, त्याच्या होडीची वाट बघत असतानाच. पार्थिव मलाक्कामार्गे १५५४ मध्ये गोव्यात आले. पोर्तुगीज मकावात वसले १५५७ मध्ये, म्हणजे सायबांनी पोर्तुगीज मकाव पाहिलेच नाही. बेट मकावजवळ वाटले तरी वाट वेगळी आहे, ताइशानच्या किनाऱ्यावरून बोट घ्यावी लागते. ते चीनच्या मुख्य भूमीत मोडते, म्हणून चिनी व्हिसा हवा.

मकावही तुम्ही बघाच. १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या हाताखाली होता. सेंट पॉल चर्च १८३५ च्या आगीत गेले, उरली ती दर्शनी भिंत आणि पायऱ्या. सेंट जोसेफच्या सेमिनरीत सायबांच्या हाताचा एक अस्थी-अवशेष जपलेला आहे. रस्त्यांच्या नावांच्या निळ्या फरशा पणजीच्या जुन्या फोंताइन्यास वाड्यातल्याच वाटतील, फक्त खाली चिनी अक्षरे. आपण १९ डिसेंबर १९६१ ला मोकळे झालो, मकाव चीनकडे गेले २० डिसेंबर १९९९ ला.

मकावला लागून असलेल्या चीनच्या झुहाय शहराकडून चालत सीमा ओलांडली की बाहेर कॅसिनोंच्या बसगाड्या उभ्या असतात, त्या फुकट नेतात. एखाद्या मध्यवर्ती कॅसिनोची बस धरा, तिथून जुने शहर पायी गाठता येते. आत शिरायची सक्ती नाही. डिचोलीची बाय तिथे गेलीच तर तिला तसेही आत घेणार नाहीत. वयाची अट तिथेही मांडवी नदीतल्या आपल्या कॅसिनोंसारखीच, २१ ची.